"दादा, एचएसएसमध्ये स्कोरिंग काय आहे?"

आपल्या पॉडकास्टच्या या भागाचा हा लिखित अवतार. लोकलमध्ये ज्यांचं नेटवर्क जातं, किंवा जे लेक्चर चालू असताना शेवटच्या बाकावर बसून गुपचूप वाचतात, त्यांच्यासाठी. बोलताना मी दर चौथ्या वाक्याला "म्हणजे बघा" म्हणतो, त्यातले निम्मे काढलेत. बाकी जवळपास जसंच्या तसं.

तर, सेमिस्टर रजिस्ट्रेशनचा आठवडा आला की माझ्या फोनवर एकाच चवीचे मेसेज येतात. "दादा, एचएसएस इलेक्टिव्हमध्ये काय घेऊ? स्कोरिंग काय आहे? अटेंडन्स कोण घेत नाही?" एचएसएस म्हणजे ह्युमॅनिटीज अँड सोशल सायन्सेस. अर्थशास्त्र, तत्त्वज्ञान, समाजशास्त्र, मानसशास्त्र, भाषाशास्त्र, इतिहास, साहित्य या सगळ्यांची एक मोठी पिशवी. इंजिनिअरिंगच्या किंवा सायन्सच्या पोरांना त्या पिशवीत हात घालून दोन-चार विषय काढावे लागतात. आणि काढताना एकच निकष असतो, कमी त्रास.

मी त्या मेसेजना नावं ठेवणार नाही. सीपीआय खरा असतो, कॅम्पसला येणाऱ्या कंपन्यांचा कटऑफ खरा असतो, घरून आलेली फी खरी असते. पण "सोपं काय" हा प्रश्न विचारण्याआधी हा प्रकार नक्की आहे काय, एवढं तरी माहीत असावं. म्हणून हा भाग.

हे आलं कुठून?

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा एक गोष्ट सगळ्यांना दिसली होती, की इंजिनिअर आणि शास्त्रज्ञ मिळून एक अख्खं शहर काही सेकंदांत संपवू शकतात. अमेरिकेत एमआयटीने १९४७ साली एक समिती नेमली, आपल्याकडे नक्की काय शिकवायचं हे नव्याने ठरवायला. अध्यक्ष होते वॉरन लुईस. हे काही कवी किंवा तत्त्वज्ञ नव्हते, पक्के केमिकल इंजिनिअर. अणुबॉम्बच्या मॅनहॅटन प्रकल्पाचा आढावा घ्यायला १९४२ साली जी समिती बसली, तिचेही ते प्रमुख होते. म्हणजे हा माणूस हे सगळं आतून बघून आलेला. १९४९ साली त्यांच्या समितीचा अहवाल आला. त्याचा साधारण सूर असा, की तंत्रज्ञानाने समाजात जे प्रश्न उभे केलेत ते सोडवायला नुसतं तंत्रज्ञान पुरणार नाही. पुढच्याच वर्षी एमआयटीत मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रांची वेगळी शाखा सुरू झाली. आज तिथे कुठल्याही ब्रांचच्या विद्यार्थ्याला जे १७ सामायिक विषय करावे लागतात, त्यातले ८ या बाजूचे असतात. १७ पैकी ८. एमआयटीत!

आपल्याकडे नलिनी रंजन सरकार यांच्या समितीने १९४६ साली उच्च तांत्रिक शिक्षणाच्या संस्था काढायची शिफारस केली, तेव्हा डोळ्यांसमोर नमुना एमआयटीचाच होता. त्यातून १९५१ साली खरगपूर उभं राहिलं, हिजलीच्या जुन्या कैदखान्याच्या जागेत. मग मुंबई, मद्रास, कानपूर, दिल्ली. आयआयटींमध्ये एचएसएसचे विभाग आहेत आणि बीटेकच्या पोरांना ते विषय घ्यावे लागतात, त्याची मुळं ही अशी.

बाकीच्या कॉलेजांचं काय? एआयसीटीईने २०१८ साली इंजिनिअरिंगसाठी जो नमुना अभ्यासक्रम दिला त्यात एकूण १६० क्रेडिट आहेत आणि त्यातले १२ मानव्यविद्या, सामाजिक शास्त्रं आणि मॅनेजमेंट मिळून. साडेसात टक्के, आणि त्यातही मॅनेजमेंटचा वाटा. भारतीय राज्यघटना हा विषय त्यात सक्तीचा आहे, पण क्रेडिट शून्य. शून्य क्रेडिट म्हणजे काय, हे कुठल्याही विद्यार्थ्याला समजावून सांगावं लागत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात आयआयटीसारख्या संस्थांनीही कला आणि मानव्यविद्या वाढवाव्यात असं म्हटलंय. कागदावर दिशा बरी आहे. वर्गात काय होतं ते वर्गात बसणाऱ्यालाच माहीत.

मी ज्या कॉलेजात शिकलो (नाव नको, तिथे अजून माझे ज्युनियर आहेत) तिथे पहिली दोन वर्षं या खात्यात फक्त "कम्युनिकेशन स्किल्स" होतं. ईमेलच्या शेवटी काय लिहायचं, मुलाखतीत हात कुठे ठेवायचे, असलं. हे निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. पण त्याला मानव्यविद्या म्हणणं म्हणजे टायपिंगच्या क्लासला कॉम्प्युटर सायन्स म्हणण्यासारखं आहे. तिसऱ्या वर्षी एका मॅडमनी अर्थशास्त्राचं इलेक्टिव्ह सुरू केलं. आम्ही १८ जण बसलो, बहुतेक सगळे वेळापत्रकात ती स्लॉट रिकामी होती म्हणून. आणि दुसऱ्याच आठवड्यात मॅडमनी असा विषय काढला, की वर्गातला प्रत्येक जण सरसावून बसला.

तुम्हाला सीट कोणी दिली?

तो विषय होता ॲडमिशन. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी जोसाचं चॉइस फिलिंग केलं असेल. फ्रीझ, फ्लोट, स्लाइड. रात्री दोन वाजता यूट्यूबवर "चॉइस फिलिंग कसं करावं" बघत बसला असाल, कोणी काउन्सेलरला पैसेही दिले असतील. त्या सगळ्या प्रकारामागे एक अल्गोरिदम आहे आणि त्याचा जन्म अर्थशास्त्राच्या शाखेत मोजला जातो.

१९६२ साली डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या दोन गणितज्ञांनी एक छोटासा पेपर लिहिला. विषय, कॉलेज प्रवेश आणि टिकाऊ लग्नं. खरंच! त्यात समीकरणं जवळपास नाहीतच, सगळा युक्तिवाद साध्या भाषेत. प्रश्न असा, की विद्यार्थ्यांना आपापली पसंती आहे, कॉलेजांना आपापली गुणवत्ता यादी आहे, मग वाटणी अशी कशी करायची, की नंतर कोणी म्हणू नये, "त्या सीटवर माझा हक्क त्याच्यापेक्षा जास्त होता आणि मला ती हवीही होती, तरी त्याला दिली"?

उत्तर सोपं आहे. प्रत्येक विद्यार्थी आपल्या पहिल्या पसंतीकडे अर्ज करतो. कॉलेज वरचे अर्जदार "तात्पुरते" ठेवून घेतं, बाकीच्यांना नाही म्हणतं. नकार मिळालेले पुढच्या पसंतीकडे जातात. तिथे ते आधीच्या एखाद्या तात्पुरत्यापेक्षा वरचे निघाले तर तो बाहेर पडतो आणि स्वतःच्या पुढच्या पसंतीकडे जातो. नवे अर्ज येणं थांबलं, की तात्पुरतं ते पक्कं. बस, एवढंच. कोड लिहायला बसलात तर ५० ओळींच्या आत संपेल.

आता गंमत बघा. समजा दोनच विद्यार्थी आहेत, अ आणि ब. दोनच सीट आहेत, एक आयआयटीत, एक एनआयटीत. आयआयटी ॲडव्हान्स्डची रँक बघते, एनआयटी मेनची. ॲडव्हान्स्डमध्ये अ वर आहे, मेनमध्ये ब वर आहे. पण अ ला एनआयटीतली सीट जास्त हवी आहे (घराजवळ आहे, ब्रांच हवी ती आहे, काहीही कारण धरा) आणि ब ला आयआयटीतली.

विद्यार्थ्यांनी अर्ज केले तर काय होईल? अ एनआयटीकडे जाईल, ब आयआयटीकडे. दोन्हीकडे एकेकच अर्ज. दोघांनाही पहिली पसंती मिळाली, खेळ खलास. आता उलटं करा, कॉलेजांनी ऑफर द्यायची. आयआयटीची पहिली ऑफर यादीत वर असलेल्या अ ला, एनआयटीची ब ला. दोघांच्या हातात एकेकच ऑफर, दोघंही घेतात. दोघांनाही दुसरी पसंती!

मार्क तेच, पसंती त्याच, सीट त्याच. फक्त आधी कोणी विचारायचं हे बदललं आणि दोन पोरांची चार वर्षं बदलली. आणि नीट तपासून बघा, दोन्ही वाटण्या "टिकाऊ" आहेत. दुसऱ्या वाटणीत अ तक्रार करायला एनआयटीकडे गेला तर एनआयटी म्हणेल, "आमच्या यादीत ब तुझ्या वर आहे." नियमाप्रमाणे बरोबरच.

मग यातली कुठली निवडायची? कॉम्प्युटर याचं उत्तर देत नाही. प्रवेशप्रक्रिया कोणासाठी आहे, विद्यार्थ्यांसाठी की संस्थांसाठी, हा प्रश्न आधी माणसांनी सोडवायचा, मग कोड लिहायचा. २०१५ पासून आयआयटी आणि एनआयटीचे प्रवेश एकत्र होतात आणि त्यात विद्यार्थ्यांच्या बाजूने अर्ज करणारी पद्धत वापरली आहे. त्याआधी दोन्हीकडच्या प्रक्रिया वेगळ्या होत्या, त्यामुळे एकच मुलगा दोन्हीकडे सीट अडवून बसायचा आणि नंतर एक सोडायचा. ती रिकामी सीट कोणाच्याच कामाची नाही. एकत्र केल्यावर ही गळती बरीच थांबली.

याचा एक रोकडा परिणामही आहे. विद्यार्थ्यांच्या बाजूने चालणाऱ्या या पद्धतीत खोटी पसंती भरून कोणालाच फायदा होत नाही, हे गणिताने सिद्ध करता येतं. "मागच्या वर्षीचा कटऑफ बघता हे मिळणार नाही, म्हणून खाली टाक" हा सल्ला इथे चुकीचा आहे. हवं ते वर टाका, यादी लांब ठेवा. दुसऱ्या प्रवेशप्रक्रियांचे नियम वेगळे असू शकतात, तेव्हा ब्रोशर वाचा. पण जिथे पद्धत ही आहे, तिथे खरं सांगणं हीच सगळ्यात हुशार चाल. अर्थशास्त्राचं एक लेक्चर आणि काउन्सेलरची फी वाचली, अजून काय पाहिजे?

शॅप्लींना २०१२ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ॲल्विन रॉथ यांच्यासोबत. गेल तोपर्यंत गेले होते. रॉथ यांनी हीच विचारपद्धत डॉक्टरांच्या नेमणुका आणि मूत्रपिंड प्रत्यारोपणाच्या जोड्या लावायला वापरली. अर्थशास्त्र म्हणजे फक्त शेअर मार्केट आणि जीडीपी असं वाटणाऱ्यांनी एकदा रॉथ यांचं काम बघाच.

दोघंही खरं बोलतायत, तरी भांडण मिटत नाही

आता मशीन लर्निंगवाल्यांसाठी. तुमच्यातले निम्मे तरी रेझ्युमेवर ते लिहिता, मला माहितीये.

अमेरिकेत काही ठिकाणी आरोपी पुन्हा गुन्हा करेल का, याचा अंदाज देणारं कॉम्पास नावाचं सॉफ्टवेअर वापरलं जायचं. २०१६ साली प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेने फ्लोरिडातल्या ब्रोवार्ड काउंटीचा डेटा तपासला. ज्यांनी पुढे गुन्हा केलाच नाही अशा कृष्णवर्णीयांपैकी ४४.९ टक्के लोकांना सॉफ्टवेअरने जास्त धोक्याचं ठरवलं होतं. गोऱ्यांमध्ये हेच प्रमाण २३.५ टक्के. जवळपास निम्मं. कंपनीचं उत्तर असं, की आमचा स्कोअर दोन्ही गटांत सारखाच खरा ठरतो. "जास्त धोका" म्हटलेल्या लोकांपैकी पुढे गुन्हा करणाऱ्यांचं प्रमाण दोन्हीकडे साधारण सारखं आहे, मग भेदभाव कुठे?

कोण बरोबर? वही काढा, आकडे मी माझ्या मनाने घेतोय. गुन्ह्याऐवजी कर्जाचं उदाहरण घेऊ, आपल्याला जवळचं. समजा दोन वस्त्या आहेत, प्रत्येकी १०० कर्जदार. पहिल्या वस्तीत ५० जण कर्ज बुडवतात, दुसरीत २०. आपलं मॉडेल पहिल्या वस्तीत ५० जणांवर लाल खूण करतं, त्यातले ४० खरंच बुडवणारे, १० उगाच अडकलेले. दुसरीत २० जणांवर खूण, १६ खरे, ४ उगाच. दोन्हीकडे खूण ८० टक्के वेळा खरी. दोन्हीकडे बुडवणाऱ्यांपैकी २० टक्के सुटले. मॅनेजरला दाखवायला एकदम झकास स्लाइड.

आता प्रामाणिक माणसाच्या जागी उभं राहून बघा. पहिल्या वस्तीत प्रामाणिक लोक ५० आणि उगाच अडकले १०, म्हणजे २० टक्के. दुसरीत प्रामाणिक ८० आणि उगाच अडकले ४, म्हणजे ५ टक्के. तुम्ही सगळे हप्ते वेळेवर भरणारे आहात, पण राहता पहिल्या वस्तीत, म्हणून तुमचं कर्ज नाकारलं जाण्याची शक्यता चौपट!

हे कोडमधला बग काढून सुटत नाही. दोन गटांत मुळातलं प्रमाण वेगळं असेल आणि मॉडेल शंभर टक्के अचूक नसेल, तर खुणेचा खरेपणा आणि दोन्ही प्रकारच्या चुका, हे सगळं एकाच वेळी दोन्ही गटांत सारखं ठेवता येत नाही. २०१६-१७ च्या सुमारास संशोधकांनी हे गणिताने दाखवून दिलं. म्हणजे काहीतरी सोडावं लागणार. काय सोडायचं? हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या वर्गात "न्याय म्हणजे काय" म्हणून शिकवतात आणि पोरं झोपतात. आणि पहिल्या वस्तीतलं प्रमाण मुळात ५० का आहे? तिथे रोजगार कसला आहे, आधीची कर्जं कोणी आणि कुठल्या व्याजाने दिली, वस्ती तशी का वसली? हा समाजशास्त्राचा प्रश्न. डेटासेटमध्ये त्याचा कॉलम नसतो.

माझं स्पष्ट मत सांगतो. ज्याला हे दोन प्रश्न पडत नाहीत त्याने माणसांवर निर्णय घेणारी मॉडेलं लिहू नयेत. मांजरांचे फोटो ओळखावेत, काही हरकत नाही.

आडनाव कंपल्सरी

एक छोटा किस्सा. मी आधी एका कंपनीत होतो तिथे साइन-अपच्या फॉर्मवर "लास्ट नेम" ला लाल चांदणी होती. भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आता आपल्याकडे मराठीत साधारण तीन भाग असतात, स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि आडनाव. तमिळ माणसाकडे बऱ्याचदा आडनाव हा प्रकारच नसतो, वडिलांच्या नावाचं आद्याक्षर असतं. देशात कितीतरी लोकांचं नाव एकच शब्द आहे. मग लोक काय करायचे? कोणी टिंब टाकायचं, कोणी तेच नाव दोनदा लिहायचं. पुढे ओळखपत्राशी नाव जुळत नाही म्हणून खातं अडकायचं आणि सपोर्टला फोन यायचे. त्या फोन करणाऱ्यांत लग्नानंतर नाव बदललेल्या बायका किती होत्या, हे सपोर्टमधल्या मुलीला तोंडपाठ होतं. डेटाबेस बनवणाऱ्यांना तिने कधी सांगितलं नाही, कारण त्यांनी कधी विचारलं नाही. तो कॉलम पुढे ऐच्छिक झाला, पण त्यासाठी तीन मिटिंगा लागल्या. पॅट्रिक मॅकेंझी नावाच्या प्रोग्रामरने २०१० साली नावांबद्दल प्रोग्रामर काय काय चुकीचं गृहीत धरतात याची एक लांबलचक यादी लिहिली होती. ती जरूर शोधून वाचा, हसायला येईल आणि मग येणार नाही.

भाषाशास्त्राचंही तेच. "आचार्यांना जेवायला बोलवा" आणि "आचाऱ्यांना जेवायला बोलवा" यात फरक आहे की नाही? एक गुरुजी, एक स्वयंपाकी. तो अर्धा र हिंदीला लागत नाही, आपल्याला लागतो. युनिकोडमध्ये तो दोन वेगळ्या पद्धतींनी टाइप होऊ शकतो, एक नुक्तावाला ऱ घेऊन आणि एक साध्या र ला न दिसणारा जोडक चिकटवून. स्क्रीनवर दोन्ही सारखे दिसतात, पण सर्चला ते दोन वेगळे शब्द वाटतात. तुम्ही "तऱ्हा" शोधता आणि ॲप म्हणतं, काही सापडलं नाही. मराठी लिहिता येणाऱ्या प्रत्येकाला हा र माहीत आहे. तो सर्चमध्ये नीट चालायचा असेल तर मराठी जाणणारं आणि कोड लिहिणारं माणूस एकच असावं लागतं, किंवा निदान एकमेकांशी बोलणारं तरी.

उलटा रस्ता

आतापर्यंत मी "इंजिनिअरला हे का लागतं" एवढंच बोललो. उलटा रस्ताही आहे आणि तो आपल्याच माणसाने घालून दिलाय. दामोदर धर्मानंद कोसंबी. जन्म १९०७, गोव्यातला. हार्वर्डला शिकले, पुण्यात फर्ग्युसनमध्ये गणित शिकवलं, पुढे मुंबईला टीआयएफआरमध्ये. पुण्यात राहायचे आणि डेक्कन क्वीनने मुंबईला जायचे. जनुकशास्त्रात आजही "कोसंबी मॅपिंग फंक्शन" शिकवतात, ते यांचं.

या गणितज्ञाने प्राचीन नाण्यांकडे बघितलं. ठसे मारलेली चांदीची आहत नाणी, त्यांच्यावर ना राजाचं नाव ना साल. मग क्रम कसा लावायचा? कोसंबींनी नाणी वजनकाट्यावर ठेवली. विचार असा, की नाणं हातोहात फिरतं तसं झिजतं. एकेक नाणं बघून काही कळणार नाही, एखादं मुळातच हलकं पाडलेलं असेल. पण एका प्रकारची पुष्कळ नाणी घेतली तर जी जास्त काळ चलनात होती त्यांचं सरासरी वजन कमी आणि वजनांमधला फरक जास्त. म्हणजे संख्याशास्त्र वापरून नाण्यांचा क्रम लावता येतो. तक्षशिलेला सापडलेल्या साठ्यांवर त्यांनी हे करून दाखवलं. आणि तिथून चलन, व्यापार, राज्य, समाज असं करत १९५६ साली भारतीय इतिहासावरचं ते प्रसिद्ध पुस्तक. पुण्याच्या आसपासच्या ग्रामदेवतांची ठाणी पायी फिरून त्यांनी जे लिहिलं ते वेगळंच.

तुम्ही सेकंड इयरला स्टँडर्ड डेव्हिएशन शिकता ना? तेच. फक्त समोर दोन हजार वर्षांपूर्वीची चांदी.

बरं, मग घेऊ काय?

आता मूळ मेसेजकडे. विषयाचं नाव बघून ठरवू नका, शिकवणारं माणूस बघा. "इंट्रोडक्शन टू सायकॉलॉजी" कंटाळवाणं असू शकतं आणि "मध्ययुगीन व्यापाराचा इतिहास" भन्नाट असू शकतो. सीनियरला विचारायचंच असेल तर "ग्रेड काय मिळाली" याआधी "वाचायला काय दिलं आणि लिहून काय घेतलं" हे विचारा. ज्या कोर्समध्ये काही वाचायचं नाही आणि काही लिहायचं नाही, तो सोपा असेल, पण त्यातून सहा महिन्यांनी हाताला काही लागणार नाही. नुसत्या एमसीक्यूवर चालणारं समाजशास्त्र मी तरी टाळेन. बहुतेक ठिकाणी पहिला एक-दोन आठवडे विषय बदलता येतो. त्या काळात दोन-तीन वर्गांत जाऊन बसा. फुकट आहे.

आणि एक भीती आहे जिच्याबद्दल कोणी उघड बोलत नाही. मराठी माध्यमातून आलेल्या पोराला गणिताचा पेपर इंग्रजीत देता येतो, कारण त्यात इंग्रजी असतंच किती? पण एचएसएसमध्ये ३० पानांचा इंग्रजी लेख वाचा आणि १५०० शब्दांचा निबंध लिहा म्हटलं की पोटात गोळा येतो. मग तो पोरगा "स्कोरिंग काय" विचारतो. तो आळशी नसतो, घाबरलेला असतो. शहरातल्या कॉन्व्हेंटवाल्याला त्याच कोर्समध्ये न वाचता बी मिळतो, हेही त्याला दिसत असतं. अशांना माझा सल्ला, आधी मराठीत वाचा. मराठी विश्वकोश इंटरनेटवर फुकट आहे, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली वाईला बसून केलेलं काम. उपयुक्ततावाद, जातिसंस्था, चलनवाढ, काहीही शोधा, नोंद मिळेल. भाषा जड आहे पण आपली आहे. मुद्दा मराठीत पक्का झाला की इंग्रजी लेख निम्मा सोपा होतो. निबंधाचा आराखडाही मराठीत करा. तुमच्याकडे सांगायला काहीतरी असेल आणि इंग्रजी थोडं अडखळणारं असेल, तर चांगला शिक्षक ते ओळखतो. आणि तुमच्या गावच्या बाजार समितीत लिलाव कसा होतो हे तुम्ही लिहिलंत, तर वर्गात ते दुसऱ्या कोणाकडेच नसेल.

चॅटबॉटकडून निबंध लिहून घेणाऱ्यांना काही सांगत नाही. सबमिशन होईल. व्हायव्हाला बसवलं तर काय होईल ते तुम्ही आणि तुमचे सर बघा.

कॉलेजात चांगला पर्यायच नसेल (बऱ्याच ठिकाणी नसतो, माझ्याकडेही दोन वर्षं नव्हता) तर स्वयम आणि एनपीटीईएलवर आयआयटींच्या प्राध्यापकांचे अर्थशास्त्र, तत्त्वज्ञान, मानसशास्त्र, साहित्य या विषयांचे कोर्स आहेत. बघायला पैसे लागत नाहीत, सर्टिफिकेट हवं असेल तर फी भरून परीक्षा द्यावी लागते. त्याचे क्रेडिट तुमच्या कॉलेजात धरतात का, हे नाव नोंदवायच्या आधी परीक्षा विभागात जाऊन विचारा आणि शक्यतो लेखी घ्या. तोंडी "हो, होईल की" वर विसंबू नका. जुलै आणि जानेवारीच्या सत्रांची नोंदणी कॉलेजच्या रजिस्ट्रेशनच्या आगेमागेच असते, त्यामुळे तारखा आधी बघून ठेवा.

पुढच्या भागात मी वर्गात ऐकलेल्या लिलावांच्या प्रकारांबद्दल बोलणार आहे, स्पेक्ट्रमपासून आयपीएलपर्यंत. कानात घालायला काहीतरी चांगलं घेऊन बसा, अर्धा तास तरी होईल.